मळ आणि विटाळ : शुद्धिकल्पनेचा एक विचार

स्वच्छता व शुद्धता हे शब्द आज बहुधा समानार्थी समजले जातात. परंतु मराठी समाजाच्या इतिहासात त्यांची क्षेत्रे भिन्न होती. मळ डोळ्यांस दिसतो व पाण्याने जातो. विटाळ दिसत नाही; तो स्पर्शाने लागतो आणि त्याचे निवारण विधीने होते. धुऊन वाळत घातलेले धोतर कोणी शिवल्यास ते निर्मळ असूनही ओवळे ठरे. उलट, रेशमी मुकटा रोज न धुताही सोवळ्यात चाले.

हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या व्याकरणात अपभ्रंशातील ‘विट्टाल’ या शब्दाचा अर्थ अस्पृश्याचा संसर्ग असा दिला आहे. म्हणजे त्या काळीही हा शब्द घाणीचा नव्हे, तर सामाजिक अंतराचा वाचक होता. मराठीत स्त्रीच्या ऋतुकाळासही तो लागू झाला आणि केशवपन केलेली विधवा ‘सोवळी’ म्हणविली गेली. शुद्धीच्या परिभाषेने अशा रीतीने माणसांच्या पायऱ्या ठरविल्या.

सोवळे हे प्राचीनांचे आरोग्यशास्त्रच होय, असे समर्थन पुष्कळदा केले जाते. महाडचा प्रसंग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले. तथापि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे शेण, गोमूत्र, दूध व दही यांनी युक्त अशा १०८ घागरींच्या साहाय्याने, मंत्रघोषात, तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता. गुरांच्या तोंडाने जे पाणी बाटले नाही, ते माणसाच्या ओंजळीने बाटले. आणि आरोग्यशास्त्र ज्यास मळ म्हणेल, तेच शुद्धीचे साधन झाले. येथे रक्षण पाण्याचे नव्हे, अधिकाराचे होत होते.

नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला व प्रकरण न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. बहिष्काराची रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. मात्र कायदा आचारास बंदी करतो. शब्दांत साठलेला अर्थ त्याच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून स्वच्छतेच्या इतिहासाच्या अभ्यासकाने केर कोठे पडला होता एवढेच न पाहता, तो कोणी उचलावा असे ठरले होते व उचलणारास काय म्हटले जाई, हेही पाहिले पाहिजे.