साग, पोलाद आणि भंगार

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर दारूखाना नावाचा भाग आहे. जुनी जहाजे तोडून त्यांचे पत्रे, नळ आणि यंत्रे विकण्याचा धंदा तेथे वर्षानुवर्षे चालत आला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथे एका मोठ्या जहाजाची तोडणी सुरू झाली. ते होते ‘विक्रांत’, भारताचे पहिले विमानवाहू जहाज. ब्रिटनकडून घेतलेले हे जहाज लिलावात ६० कोटी रुपयांना भंगार म्हणून विकले गेले होते.

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. तेथील ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे ‘ट्रिंकोमाली’ हे लाकडी लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे. ते बांधले गेले मुंबईत, १८१७ साली. म्हणजे मुंबईने ब्रिटनला दिलेले लाकडी जहाज दोनशे वर्षांनंतरही शाबूत आहे आणि ब्रिटनने भारताला दिलेले पोलादी जहाज मुंबईत वितळले. असे का झाले?

मुंबईच्या गोदीतले जहाज

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सबरोबरच्या युद्धांमुळे ब्रिटिश आरमाराला जहाजे कमी पडू लागली. ती बांधण्यासाठी लागणारे ओकचे लाकूड इंग्लंडात दुर्मिळ होत चालले होते. तेव्हा आरमाराचे लक्ष मुंबईच्या गोदीकडे वळले. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ही गोदी नावारूपाला आणली होती आणि मलबारचा साग तिला उपलब्ध होता. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची युद्धनौका १८१० साली पाण्यात उतरली. त्यानंतर त्याच गोदीतून ‘कॉर्नवालिस’, ‘वेलस्ली’ आणि ‘ट्रिंकोमाली’ ही जहाजे ब्रिटिश आरमारात गेली. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवालिस’वरच झाला.

सागाची निवड केवळ सोयीची नव्हती. ओकमधील टॅनिक आम्लामुळे लोखंडी खिळे व बोल्ट गंजतात. सागातील तेलकट द्रव्यांमुळे तसे होत नाही, शिवाय बुरशी आणि वाळवीही त्याच्यापासून दूर राहते. त्यामुळे सागाची जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकत.

तीन वर्षांचे आयुष्य

आता ‘विक्रांत’कडे वळू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला विमानवाहू जहाजे तातडीने हवी होती. मोठी, जाड चिलखताची जहाजे बांधायला फार वेळ लागला असता. म्हणून व्यापारी जहाजांच्या बांधणीचे साधे नियम वापरून हलकी जहाजे बांधायचे ठरले. युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षे ती चालावीत, एवढीच अपेक्षा होती. अशा १६ जहाजांची बांधणी सुरू झाली. त्यांपैकी ‘हर्क्युलिस’चे काम ऑक्टोबर १९४३ मध्ये टाइन नदीकाठच्या कारखान्यात सुरू झाले आणि सप्टेंबर १९४५ मध्ये ते पाण्यात उतरले. तोवर युद्ध संपले होते. १९४६ मध्ये काम थांबवण्यात आले आणि जहाज अर्धवट अवस्थेत पडून राहिले.

युद्धानंतर खर्च कमी करू पाहणाऱ्या ब्रिटनला ही जहाजे नको होती आणि इतर देशांना ती हवी होती. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, हॉलंड आणि ब्राझील यांनी एकेक-दोनदोन घेतली. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ‘हर्क्युलिस’ विकत घेतले.

जहाज अपुरे होते, ही गोष्ट भारताच्या पथ्यावरच पडली. १९५०च्या सुमारास ब्रिटिश अभियंत्यांनी विमानवाहू जहाजांसाठी तीन सुधारणा केल्या होत्या : तिरकी धावपट्टी, वाफेच्या जोरावर विमान फेकणारे यंत्र आणि वैमानिकाला उतरताना दिशा दाखवणारा आरसा. पूर्ण झालेल्या जहाजात हे बदल करायचे तर तोडफोड करावी लागली असती. अपुऱ्या जहाजात ते बांधणीतच घालता आले. बेलफास्टच्या गोदीत काम पूर्ण होऊन ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते ‘विक्रांत’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईला पोहोचले.

त्याची लांबी होती सुमारे २१३ मीटर. वेरूळला सहल नेणाऱ्या शिक्षकांना याची कल्पना सहज देता येईल. कैलास लेण्याचे प्रांगण सुमारे ८२ मीटर लांब आहे. तशी अडीच प्रांगणे एकापुढे एक ठेवली तरी ‘विक्रांत’ची लांबी थोडी उरतेच.

खरेदी एकदा, खर्च रोज

शस्त्रसामग्री विकत घेतली की व्यवहार संपत नाही, सुरू होतो. ‘विक्रांत’वरची सी हॉक ही लढाऊ विमाने ब्रिटिश बनावटीची होती. काही नवी घेतली, पुढे काही वापरलेली पश्चिम जर्मनीकडूनही घेतली. जगभर ती निवृत्त होऊ लागली तसे सुटे भाग मिळणे अवघड झाले.

१९७१ चे उदाहरण अधिक बोलके आहे. युद्धापूर्वी ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला आढळला आणि जहाजाचा वेग मर्यादित ठेवावा लागला. विमानवाहू जहाजासाठी ही साधी अडचण नव्हे. विमान उचलले जाते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे. म्हणून जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जोरात धावते. जहाजाचा आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज विमानाच्या मदतीला येते. जहाज मंदावले की तेवढी मदत कमी होते. तरीही नौदलाने ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात नेले आणि ४ डिसेंबर १९७१ पासून सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले.

तीन वर्षांसाठी आखलेले हे जहाज नौदलात जवळजवळ ३६ वर्षे राहिले आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले. ‘विराट’ हे दुसरे विमानवाहू जहाजही ब्रिटनकडूनच आले होते. ‘हर्मिस’ या नावाने ते १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाचे मुख्य जहाज होते. भारताने ते १९८७ मध्ये दाखल करून घेतले आणि २०१७ पर्यंत वापरले.

मोडीचे गणित

निवृत्तीनंतर ‘विक्रांत’ मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून ठेवले गेले. शाळांच्या सहली तेथे जात. परंतु खाऱ्या पाण्यातले पोलाद स्वस्थ बसत नाही. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. पाण्यात मीठ असल्यास विद्युतभार सहज वाहतात आणि ही क्रिया वेगाने होते. जहाज नोकरीत असते तेव्हा ते ठरावीक काळाने सुक्या गोदीत घेतात, खरवडतात, रंगवतात, पातळ झालेले पत्रे बदलतात. निवृत्त जहाजासाठी एवढा खर्च करणारा कोणी मिळाला नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून संग्रहालय बंद झाले. जहाज वाचवण्यासाठी काही जण उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले, पण उपयोग झाला नाही.

येथे वर्गात एक सोपे गणित घालता येईल. रिकाम्या जहाजाचे वजन १५,००० टन धरले तर ६० कोटी रुपये म्हणजे किलोला किती? उत्तर येते ४० रुपये. बॉयलर, धावपट्टी, १९७१ ची आठवण, सगळे त्या एकाच दरात. ‘विराट’ही २०२० मध्ये तोडणीसाठी गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर नेण्यात आले. ब्रिटनच्या त्या १६ जहाजांपैकी आज एकही उरलेले नाही.

मग ‘ट्रिंकोमाली’ का वाचले? सागाचा गुण आहेच, पण तो पुरेसा नाही. ‘कॉर्नवालिस’ही सागाचेच होते. त्याचा पुढे धक्का म्हणून वापर झाला आणि १९५७ मध्ये ते मोडले गेले. ‘ट्रिंकोमाली’ला मात्र दर वेळी नवे काम मिळत गेले. शिडाच्या जहाजांचे दिवस संपल्यावर ते राखीव खलाशांच्या कवायतीसाठी वापरले गेले. १८९७ मध्ये ते भंगारवाल्याला विकले गेले, तेव्हा व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी ते परत विकत घेतले. हे काम १९८६ पर्यंत चालले. त्यानंतर हार्टलपूलच्या कारागिरांनी २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती पूर्ण केली. ज्या वस्तूला काम आहे तिच्यावर कोणीतरी रोज हात फिरवतो, आणि ती टिकते.

कैलास लेण्याचा दगड गंजत नाही, त्यामुळे शतकानुशतके दुर्लक्ष झाले तरी ते उभे राहिले. यंत्रांना ती सवलत नाही. म्हणून यंत्र जपायचे असेल तर ते निवृत्त होण्याआधीच त्याचे पुढचे काम आणि वर्षाचा खर्च ठरवावा लागतो. आपल्या गावात जुनी जिनिंग गिरणी, पाण्याचे इंजिन किंवा छापखाना असेल तर विद्यार्थ्यांना घेऊन जा. तो कधी आला, कोठून आला, बंद का पडला आणि आता त्याचे काय होणार, एवढे चार प्रश्न त्यांना विचारू द्या. उत्तरे लिहून ठेवा. भंगाराचा टेम्पो येण्याआधी हे झाले तर बरे.