अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांमधील बेडसोर : प्रतिबंध आणि घरी घ्यायची काळजी

पक्षाघात, खुब्याचे फ्रॅक्चर, स्मृतिभ्रंश किंवा दीर्घ आजारातील अशक्तपणा यांमुळे घरातील वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळते, तेव्हा औषधांइतकेच तिच्या त्वचेकडे लक्ष द्यावे लागते. एकाच जागी सतत दाब राहिला, की हाड आणि गादी यांच्यात सापडलेल्या त्वचेचा व स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो आणि तो भाग मरू लागतो. यालाच बेडसोर, शय्याव्रण किंवा दाबव्रण म्हणतात. अतिशय अशक्त रुग्णात याची सुरुवात काही तासांतही होऊ शकते. खोल जखम भरायला मात्र महिने लागतात.

रोज कोठे पाहावे

आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्याची हाडे, डोक्याचा मागचा भाग आणि कानांच्या पाळ्या उजेडात तपासा. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या बाबतीत बसण्याची हाडे पाहावीत.

पुस्तकांत पहिले लक्षण ‘लालसरपणा’ असे दिलेले असते. गोऱ्या त्वचेवर लालसर डागावर बोट दाबून सोडले, की डाग पांढरा पडतो का हे पाहतात. न पडल्यास तो पहिला टप्पा समजतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हे दिसेलच असे नाही. तेथे जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद डाग शोधा आणि हाताने तपासा. तो भाग अधिक गरम, गार, कडक किंवा मऊ लागत असेल, अथवा रुग्ण तेथे दुखते म्हणत असेल, तर त्या जागेवरचा दाब त्याच दिवसापासून बंद करा. दुसऱ्या टप्प्यात फोड येतो किंवा साल निघते, तिसऱ्यात जखम चरबीपर्यंत आणि चौथ्यात स्नायू किंवा हाडापर्यंत जाते.

कूस बदलणे

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, असे सांगितले जाते. घरात एकटी सून किंवा मुलगी सेवा करत असेल, तर रात्री हे पाळणे जवळपास अशक्य असते आणि थकून ती दिवसाही सोडून देते. दाब कमी करणारी चांगली गादी असल्यास आणि सकाळी त्वचेवर नवा डाग दिसत नसल्यास रात्री चार तासांचे अंतर चालू शकते. हे अंतर परिचारिकेला विचारून ठरवा आणि वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीला लावा, म्हणजे घरातील दुसऱ्या माणसालाही पाळी घेता येईल.

रुग्णाला पूर्ण खुब्यावर झोपवू नका. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलते ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घेऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवा. पलंगाची डोक्याकडील बाजू 30 अंशांपेक्षा जास्त उंच राहिली, तर शरीर खाली घसरते आणि त्वचा आतून ताणली जाते. मात्र भरवताना आणि त्यानंतर तासभर रुग्णाला उंच बसवणे आवश्यक आहे, नाहीतर ठसका लागून अन्न फुफ्फुसात जाऊ शकते. सरकवताना ओढू नका. कमरेखाली दुहेरी घडीची चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलावे.

हवेची गादी घेतल्यावरही कूस बदलावीच लागते. गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली तळहात घालून पाहा; हाड हाताला लागत असेल तर गादीत हवा कमी आहे. वीज वारंवार जात असेल, तर प्रत्येक वेळी पंप पुन्हा सुरू झाल्याची खात्री करा.

काय करू नये

डाग पडलेल्या जागी तेल लावून चोळू नका. खालच्या नाजूक रक्तवाहिन्या त्याने तुटतात. मधे भोक असलेली गोल हवेची उशी आजही सर्रास विकली जाते, पण तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवतो, म्हणून ती वापरू नये. पाठीला स्पिरिट लावून पावडर टाकण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते. शौच किंवा लघवी झाली, की लगेच कोमट पाण्याने स्वच्छ करून टिपून कोरडे करा आणि झिंक ऑक्साइडसारखे मलम पातळ लावा.

जखम झाल्यास

अर्धा लिटर पाणी उकळून गार करा व त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घाला. या पाण्याने जखम धुवा आणि डॉक्टर किंवा परिचारिकेने दाखवल्याप्रमाणे ड्रेसिंग करा. हळद, राख, टूथपेस्ट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत घालू नका. दुर्गंधीसाठी आणि ड्रेसिंगपूर्वीच्या वेदनेसाठी औषधे असतात; ती मागून घ्या.

जखम भरायला प्रथिने लागतात : वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात. वरणाचे पाणी आणि पेज यांवर हे भागत नाही. घट्ट वरण, दूध, दही, अंडी, मासे थोडे थोडे अनेकदा द्या. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवा.

जखमेत काळा थर, पू किंवा अळ्या दिसणे, हाड दिसणे, भोवतालची सूज पसरणे, ताप, थंडी किंवा अचानक आलेला गोंधळलेपणा यांपैकी काहीही असल्यास घरी थांबू नका. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी ताप येईलच असे नाही. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात उत्तम सेवा करूनही बेडसोर होऊ शकतो. अशा वेळी दर दोन तासांनी हलवण्याचा हट्ट रुग्णाला त्रासदायक ठरतो. वेदना आणि दुर्गंधी कमी ठेवणे हेच उद्दिष्ट असावे. घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

कोणत्या योजनांचा उपयोग होतो

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी भेट देण्याची तरतूद आहे. गावातील आशा कार्यकर्ती किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे रुग्णाचे नाव नोंदवा आणि ड्रेसिंग शिकवण्याची स्पष्ट मागणी करा. केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत घरपोच परिहार सेवा चालते. तेथे राहत असल्यास पंचायतीत चौकशी करा. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो.

राष्ट्रीय वयोश्री योजनेत 60 वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत असलेल्या व्यक्तींना व्हीलचेअर, कमोड खुर्ची, सिलिकॉन फोम उशी अशी साधने तपासणीनंतर मोफत दिली जातात. 70 वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. घरी ठेवलेली परिचारिका, डायपर किंवा गादी यांचा खर्च त्यात येत नाही. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 या टोल-फ्री क्रमांकावर आहे.