कावळा बसायला आणि फांदी मोडायला

राणीसावरगावात रेणुकादेवीचं दर्शन घेऊन आम्ही थेट या व्याख्यानाला आलो. वाटेत एकाने मोबाईलवरचा निरोप दाखवला. अमुक पाल्याचा रस घ्या, एकवीस दिवसांत साखर मुळापासून जाते, 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय'. आम्हाला हसू आलं नाही. आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने असाच काढा सुरू केला आणि मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. सुरुवातीला त्यांना बरं वाटलं, चार जणांना त्यांनी शिफारसही केली. पुढे पायाची जखम चिघळली, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण घरात एक साधा प्रश्न वेळेवर विचारला नाही. तो प्रश्न आज इतिहासातून समजून घेऊ.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच साली वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत लस बनवू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. यातून काय सिद्ध झालं? एवढंच, की लशीने माणूस मरत नाही. प्लेग टळतो की नाही, हे त्यातून कळत नव्हतं.

ते कळायला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरावा लागला. जानेवारीच्या अखेरीस तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. भिंती त्याच, अन्न तेच, पाणी तेच. लस घेतलेल्यांत आजारी कमी पडले, न घेतलेल्यांत जास्त पडले आणि मृत्यूही झाले. इथे तो प्रश्न विचारला गेला होता, "बाकीच्यांचं काय झालं?" बघा, या प्रयोगातही उणीव आहे. स्वतःहून पुढे आलेले कैदी मुळात जास्त धडधाकट असतील, अशी शंका घेता येते. पण शंका नेमकी कुठे घ्यायची हे कळणं, हाही ज्ञानाचाच भाग आहे.

लोक लशीला घाबरले, त्याला कारणंही होती. पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घरात घुसून झडती घेत होते. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ज्या सरकारवर विश्वास नाही, त्याच्या सुईवर कोण विश्वास ठेवणार?

मग १९०२ साल आलं. पंजाबातल्या मल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर केलं गेलं. आता आपला तोच प्रश्न विचारू. बाकीच्यांचं काय झालं? त्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही. दगावलेले सगळे एकाच बाटलीतले होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू मांडली आणि १९०७ साली हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. ती आजची हाफकिन संस्था.

म्हणजे एकाच प्रश्नाने लशीचा दावा तपासला आणि लशीवरचा आरोपही तपासला. संशय एकाच बाजूला घेतला तर तो संशय राहत नाही, हट्ट होतो.

आपल्या पूर्वजांनी याला काकतालीय न्याय म्हटलं. आपली आजी म्हणते, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. काढा घेतला आणि बरं वाटलं, म्हणून काढ्यानेच बरं वाटलं असं होत नाही. आदल्या आठवड्यापर्यंत गोळ्या चालूच होत्या की! ज्यांनी रस घेतला आणि ज्यांची साखर वाढली, ते निरोप पाठवत नाहीत. आपल्यापर्यंत फक्त बरे झालेले पोचतात.

पेपरातल्या 'संशोधकांनी शोधलं' या बातमीलाही हाच नियम लावा. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? किती जणांवर? ज्यांना औषध दिलं नाही, त्यांच्याशी ताडून पाहिलं का? मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण मोबाईलवरच्या प्रत्येक निरोपामागे पोलीस धावणार नाही. तिथे आपणच विचारायचं.

आणि एक विनंती. घरात कुणी काढा घेत असेल तर त्यांची टिंगल करू नका, टिंगलीने माणूस गप्प बसतो आणि गोळ्या गुपचूप सोडतो. जवळ बसा आणि विचारा, "गोळ्या चालू आहेत ना?" हे विचारायला आम्हाला उशीर झाला.

आता तुम्ही विचारा. आमचं बोलणंही तपासून घ्या.