पहिल्या पसंतीचे महाविद्यालय हुकल्यावर...

यवतमाळ : बारावी आणि सामायिक प्रवेश परीक्षेचे निकाल लागले की जिल्ह्यातील घराघरांत महाविद्यालयांच्या नावांची चर्चा सुरू होते. नागपूर, अमरावती, पुणे ही नावे यादीत वर असतात; मात्र पहिल्या पसंतीची जागा मोजक्यांच्याच पदरी पडते. उरलेल्यांना अवघ्या काही दिवसांत पुढचा निर्णय घ्यावा लागतो. कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर मुलांचे शिक्षण करणाऱ्या कुटुंबांना या दिवसांतील घाई सर्वांत महाग पडू शकते.

नकाराचा अर्थ

एखाद्या महाविद्यालयाचा ‘कटऑफ’ म्हणजे तेथे शेवटचा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. जागांची संख्या, प्रवर्ग, शाखा आणि त्या वर्षीच्या अर्जदारांची पसंती यांनुसार तो दरवर्षी बदलतो. त्यामुळे जागा हुकणे हा विद्यार्थ्याच्या कुवतीवरचा निकाल ठरत नाही.

नियमांतील बदलही येथे परिणाम करतात. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 मध्ये सुरू झाले. वैद्यकीय प्रवेशातील 70:30 हे विभागनिहाय सूत्र राज्य शासनाने सप्टेंबर 2020 मध्ये रद्द केले. तेव्हापासून राज्याच्या कोट्यातील जागांसाठी विदर्भातील विद्यार्थ्याची स्पर्धा संपूर्ण महाराष्ट्राशी आहे. गावातले महाविद्यालय सहज मिळेल, हे गृहीत धरण्याचे दिवस गेले.

फेऱ्यांचे गणित

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत (कॅप) 2025-26 मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाल्यास तो स्वीकारणे बंधनकारक होते. त्याखालचा पर्याय मिळाल्यास जागा स्वीकारून ‘बेटरमेंट’साठी पुढील फेरीत राहता येत होते. पुढे वरचा पर्याय मिळाला, की आधीची जागा आपोआप सुटते.

याच वर्षी अकरावीचे प्रवेशही प्रथमच राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले. त्यापूर्वी ही पद्धत ठरावीक मोठ्या शहरांपुरतीच होती. पहिल्या पसंतीचे कनिष्ठ महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणाऱ्यांना पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागले. त्यामुळे पसंतीक्रमात केवळ नावाजलेली महाविद्यालये भरणे आणि मनात नसलेला पर्याय वर ठेवणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. नियमांत दरवर्षी फेरफार होतात. त्या वर्षाची माहिती पुस्तिका पालकांनीही वाचावी.

शुल्काचा हिशेब

पहिली यादी लागताच धीर सुटून अनेक जण व्यवस्थापन कोट्याकडे वळतात. येथे मोठे नुकसान संभवते. शासनाच्या प्रमुख शुल्क सवलती केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच लागू होतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या निम्म्या शिक्षण शुल्काचा परतावा मिळतो. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत लागू झाली. तेच महाविद्यालय, तीच शाखा. पण प्रवेशाचा मार्ग बदलला की ही सवलत हातची जाते.

शुल्काइतकाच राहण्या-जेवणाचा खर्च महत्त्वाचा असतो. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातींसाठी स्वयम् या योजना आहेत. घरून ये-जा करणाऱ्यांना एसटीच्या विद्यार्थी पासवर 66.67 टक्के सवलत मिळते.

जिल्ह्यातील पर्याय

एकेकाळी अभियंता व्हायचे तर जिल्ह्यातील मुलाला 1960 मध्ये सुरू झालेले नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय किंवा 1964 पासूनचे अमरावतीचे शासकीय महाविद्यालय गाठावे लागे. 1983 मध्ये पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि 1996 मध्ये यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. पुढे यवतमाळला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. कला, वाणिज्य व विज्ञानासाठी यवतमाळचे अमोलकचंद, वणीचे लोकमान्य टिळक आणि पुसदचे फुलसिंग नाईक ही महाविद्यालये आहेत.

1 मे 1983 रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या, क्षेत्रात हा जिल्हा येतो. त्यामुळे संलग्न महाविद्यालय वणीचे असो वा अमरावतीचे, पदवी एकाच विद्यापीठाची असते. फरक पडतो तो शिक्षक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांमुळे. म्हणून प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. पूर्णवेळ प्राध्यापक किती, प्रात्यक्षिके नियमित होतात का, ‘नॅक’चे मूल्यांकन केव्हाचे, नोकरी मिळालेल्यांची आकडेवारी शाखानिहाय आहे का, हे प्रश्न अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारल्यास नेमकी उत्तरे मिळतात.

एक वर्ष थांबावे का?

‘नीट’ कितीही वेळा देता येते. ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच. गुण थोडक्यात हुकले असतील आणि उणीव नेमकी कळली असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. केवळ नातलगांच्या प्रश्नांना टाळण्यासाठी शिकवणी आणि खोलीभाड्यावर वर्ष घालवणे परवडणारे नाही. अभियांत्रिकीची इच्छा असलेल्यांना तंत्रनिकेतनातील पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाचा मार्गही खुला असतो.

प्रवेश घेऊन तो बदलायचा झाल्यास रद्द करण्याची अंतिम तारीख पाहावी. अभियांत्रिकीत तिच्या आत अर्ज केल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून शुल्क परत मिळते. ती उलटल्यावर भरलेली मोठी रक्कम अडकू शकते. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर संस्थेने ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. कागदपत्रे हाती असली, तर पुढच्या फेरीचा रस्ता मोकळा राहतो.