ऑफिस सुटल्यानंतरची कादंबरी

मराठी कादंबरी बरीचशी फावल्या वेळात वाढली, आणि त्यात तिचा तोटाच झाला असे नाही. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाचा कारभार सांभाळत. 1890 मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकाने त्यांना प्रकरणाप्रकरणाने लिहिते ठेवले. श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’ची नोकरी करत कोकण लिहीत राहिले. नोकरी वेळ खाते, हे खरेच. पण विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’तले धरणग्रस्त सरकारी सेवेच्या अनुभवाशिवाय असे उतरले असते का? खरा बोचरा आक्षेप दुसराच आहे: संध्याकाळ मोकळी असते कुणाची? बहुधा घरकामातून सुटलेल्या पुरुषाची. डहाणू-तलासरीत वारल्यांचा लढा उभारणाऱ्या गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1945 च्या उठावानंतर पाव शतकाने आले, आणि तीही कादंबरी नव्हे.