दमलेल्या पायांचं गणित

१९८०-८१च्या हंगामात इंग्लंडची फर्स्ट डिव्हिजन ॲस्टन व्हिलाने जिंकली. सामने ४२. मॅनेजर रॉन सॉन्डर्सने अख्ख्या हंगामात वापरलेले खेळाडू किती? फक्त १४. त्यातले सात जण तर ४२च्या ४२ सामने खेळले. आजही हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. जिंकणाऱ्या संघाला हात लावायचा नाही, हा तेव्हाचा अलिखित नियम होता. पाय मोडला तर बाहेर बसायचं. नुसता दमलाय म्हणून कुणाला बसवायची पद्धत नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, केव्हिन टॉम्स नावाच्या इंग्रज प्रोग्रामरने घरगुती कॉम्प्युटरवर चालणारा एक गेम बाजारात आणला. नाव 'फुटबॉल मॅनेजर'. बेसिक भाषेत लिहिलेला. वेष्टनावर खुद्द टॉम्सचा दाढीवाला, हसरा चेहरा. या गेममधल्या प्रत्येक खेळाडूला दोन आकडे चिकटवलेले होते. एक कौशल्याचा, दुसरा एनर्जीचा. सामना खेळला की एनर्जी उतरायची, बाहेर बसवलं की पुन्हा चढायची. म्हणजे खऱ्या मैदानावर १४ जणांत लीग जिंकणं हा पराक्रम होता, त्याच सुमाराला एक कॉम्प्युटर मुलांना सांगत होता की तेच अकरा जण रोज खेळवलेस तर हरशील.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून मला यामागचं कारण ओळखीचं वाटतं. टॉम्सला क्रीडाविज्ञान इतरांपेक्षा जास्त कळत होतं अशातला भाग नाही. त्याची अडचण वेगळी होती. सर्वोत्तम अकरा खेळाडू दर आठवड्याला फुकटात खेळवता येत असतील, तर गेममध्ये ठरवण्यासारखं काही उरतच नाही. एकदा अकरा नावं निवडली की संपलं. खेळणाऱ्याला निर्णय घ्यायला लावायचा तर प्रत्येक निवडीची काहीतरी किंमत हवी. म्हणून एक व्हेरिएबल लागतं, आणि त्याला नाव द्यावं लागतं. मैदानावरचा मॅनेजर 'पोरगं जरा जड पावलांनी धावतंय' एवढ्यावर भागवू शकतो. प्रोग्रामरला तसं करता येत नाही. थकव्याचा आकडा त्याला लिहावाच लागतो.

खऱ्या फुटबॉलला हा आकडा मान्य करायला बराच वेळ लागला. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूला परवानगी मिळाली ती १९६५ साली. तीही एकच, आणि कुणी जखमी झाला तरच. दोन वर्षांनी जखमेची अट गेली. वर्ल्डकपमध्ये बदली खेळाडू पहिल्यांदा उतरले १९७० साली. तीन बदल्यांचा नियम यायला १९९५ उजाडलं. २०२०मध्ये कोविडमुळे सामने कोंबून खेळवावे लागले तेव्हा पाच बदल्यांची तात्पुरती सवलत मिळाली, आणि २०२२मध्ये ती कायमची झाली. प्रीमियर लीगने मध्ये दोन हंगाम तिलाही नकार दिला होता. लहान क्लबांचं म्हणणं होतं की पाच बदल्यांचा फायदा ज्यांच्या बाकावर पाच महागडे खेळाडू बसलेत त्यांनाच होणार. मुद्दा खोटा नव्हता. विश्रांतीसुद्धा शेवटी पैशानेच विकत घ्यावी लागते.

गेमचा इतिहास दरम्यान दुसऱ्या एका घरात सरकला होता. श्रॉपशरमधल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी ऐंशीच्या दशकात स्वतःपुरता एक मॅनेजमेंट गेम लिहायला घेतला. १९९२ साली तो 'चॅम्पियनशिप मॅनेजर' म्हणून बाजारात आला. पुढे त्यांची कंपनी स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि प्रकाशक आयडॉस वेगळे झाले. 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हे नाव आयडॉसकडे राहिलं. कोड आणि खेळाडूंचा डेटाबेस भावांकडे. नव्या नावाची गरज होती. २००४ साली त्यांनी टॉम्सच्या गेमचंच जुनं नाव उचललं. आज आपण ज्याला एफएम म्हणतो, तो हा.

या गेममध्ये कित्येक वर्षं सामना दिसतच नव्हता. पडद्यावर एकेक ओळ यायची: चेंडू अमक्याकडे, शॉट, वाचवला, कॉर्नर. आणि कॉर्नरबद्दल खेळणाऱ्याने काय ठरवायचं? तो कोण मारणार, एवढंच. खऱ्या मैदानावर चित्र फार निराळं नव्हतं. कॉर्नर म्हणजे चांगला पाय असलेल्याने उंच चेंडू टाकायचा आणि उंच माणसांनी उड्या मारायच्या. शंभर कॉर्नरमागे साधारण तीन-चार गोल होतात. इतक्या कमी कमाईच्या कामावर डोकं कोण लावणार?

पण फुटबॉलच्या सगळ्यात गाजलेल्या रात्रींपैकी एक रात्र याच दोन दुर्लक्षित गोष्टींवर उभी आहे. २६ मे १९९९, बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगची फायनल. बायर्न म्युनिकच्या मारिओ बास्लरने सहाव्या मिनिटाला फ्री-किकवर गोल केला आणि नव्वद मिनिटं संपली तरी मँचेस्टर युनायटेड एक गोलने मागेच होतं. मग जादा वेळेत डेव्हिड बेकहॅमने दोन कॉर्नर मारले. पहिल्यातून टेडी शेरिंगहॅमचा गोल, दुसऱ्यातून ओले गुन्नार सोल्शारचा. दोघेही बदली खेळाडू. म्हणजे सामन्यातले तिन्ही गोल सेट-पीसमधून आले, आणि कप जिंकून देणारे दोघे सुरुवातीच्या अकरांत नव्हते. ॲलेक्स फर्ग्युसनने त्या हंगामात कोल, यॉर्क, शेरिंगहॅम आणि सोल्शार असे चार स्ट्रायकर आलटून-पालटून वापरले होते. एका हंगामात तीन ट्रॉफ्या जिंकायच्या तर दोन स्ट्रायकर पुरणार नाहीत, हे त्याने ओळखलं होतं. आपण मात्र त्या रात्रीला 'चमत्कार' म्हणतो. चमत्कार म्हटलं की हिशोब बघावा लागत नाही.

तरीही 'रोटेशन' हा शब्द पुढे बरीच वर्षं शिवीसारखाच वापरला गेला. क्लॉडिओ रानिएरी चेल्सीत असताना संघ सारखा बदलायचा म्हणून इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'टिंकरमॅन' पाडलं. टिंकरमॅन म्हणजे काम झालं तरी स्क्रू ढिला कर, घट्ट कर करत बसणारा माणूस.

गेममध्ये मोठा बदल झाला २००३ साली. 'चॅम्पियनशिप मॅनेजर ४'मध्ये सामना पहिल्यांदा वरून दिसू लागला. हिरव्या आयतावर धावणारे रंगीत ठिपके. २००८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत ते ठिपके थ्री-डी माणसं झाले. ओळी वाचून जे कळत नव्हतं ते आता डोळ्यांना दिसत होतं: कॉर्नरच्या वेळी कोण कुठे उभा आहे, कुणाला कुणीच पकडलेलं नाही. मग खेळणाऱ्यांनी जे करायचं तेच केलं. भोकं शोधली. एफएमच्या अनेक आवृत्त्यांमध्ये उंच सेंटर-बॅकला जवळच्या खांबापाशी पाठवून चेंडू तिथेच मारायला सांगितलं की गोलांचा पाऊस पडायचा. माझ्या एका सेव्हमध्ये क्लबचा टॉप-स्कोअरर सेंटर-बॅक होता. पुढच्या अपडेटमध्ये भोक बुजवलं जायचं आणि लोक नवं शोधायला लागायचे.

याला फसवणूक म्हणून सोडून देता येईल. पण कॉर्नरच का सापडायचा, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चालू खेळात २२ माणसं आणि एक चेंडू, सगळं एकाच वेळी हलतं. पाच सेकंदांनी कोण कुठे असेल याच्या शक्यता मोजता मोजता कुठलाही प्रोग्राम घाम गाळेल. कॉर्नरला मात्र सगळं थांबतं. चेंडू ठरलेल्या जागी, स्थिर. वर कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइडचा नियम लागू नाही, त्यामुळे माणसं हवी तिथे उभी करता येतात. अख्ख्या सामन्यात हाच एक क्षण असा की 'तू इथे उभा राहा, तू त्याला अडव, तू मागून ये' असं आधी लिहून ठेवता येतं आणि ते तसंच घडण्याची थोडीफार खात्री असते. फुटबॉलमध्ये कोड लिहिण्यासारखी जागा असेल तर ती हीच.

खऱ्या क्लबांनीही ही जागा हेरली. सुरुवात श्रीमंतांनी केली नाही. सट्टेबाजीतल्या आकडेमोडीवर पैसा कमावलेल्या मॅथ्यू बेनमकडे इंग्लंडमधला ब्रेंटफर्ड होता. २०१४मध्ये त्याने डेन्मार्कच्या एफसी मिड्टयिलंडमध्येही मोठा हिस्सा घेतला. दोन्ही क्लबांना महागडे स्ट्रायकर परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी सेट-पीसचा मन लावून अभ्यास केला. मिड्टयिलंड २०१५ साली पहिल्यांदा डॅनिश चॅम्पियन झालं. २०१८च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडने केलेल्या १२ गोलांपैकी नऊ, पेनल्टी धरून, सेट-पीसमधून आले. त्यांचे खेळाडू कॉर्नरआधी आगगाडीच्या डब्यांसारखे एका रांगेत उभे राहायचे आणि चेंडू निघाला की चारी दिशांना फुटायचे. कुणाला पकडावं हे बचाव करणाऱ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. निकोला जोव्हर हा सेट-पीस कोच ब्रेंटफर्डहून मँचेस्टर सिटीमार्गे २०२१मध्ये आर्सेनलला गेला. २०२३-२४च्या लीगमध्ये आर्सेनलने कॉर्नरवरून १६ गोल केले. संघाला सामन्यामागे पाचेक कॉर्नर मिळतात, म्हणजे ३८ सामन्यांत १९०च्या आसपास. नेहमीच्या दराने त्यातून सहा-सात गोल व्हायला हवेत. वरचे नऊ-दहा गोल म्हणजे जवळपास एक नवा स्ट्रायकरच. त्याच हंगामात आलेल्या एफएम २४मध्ये सेट-पीस कोच हे नवं पद आलं. या वेळी नक्कल गेमने केली होती.

आता हे दोन धागे जोडून पाहू. रोटेशन आणि सेट-पीस या गेममधल्या दोन कंटाळवाण्या स्क्रीन. बरेच जण दोन्ही कामं असिस्टंटवर सोडून पुढे जातात. पण खऱ्या फुटबॉलमध्ये दोन्हींचं वजन एकाच काळात वाढलं, आणि त्यामागचं एक कारणही सारखंच आहे असं मला वाटतं. ते कारण म्हणजे कॅलेंडर. २०२४-२५पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाले. २०२५च्या उन्हाळ्यात, जेव्हा खेळाडूंनी सुट्टीवर असायचं, तेव्हा अमेरिकेत ३२ संघांचा क्लब वर्ल्डकप झाला. दर तीन-चार दिवसांनी सामना असेल तर मधले दिवस प्रवासात आणि पाय सावरण्यात जातात. जोरदार सराव कधी करायचा? मग जे उभ्या उभ्या, चालत चालत शिकवता येतं ते शिकवलं जातं. कॉर्नर हा दमलेल्या संघाला परवडणारा गोल आहे. रोटेशन दम वाचवतं आणि सेट-पीस कमी दमात गोल मिळवून देतं.

एफएम २१मध्ये एक छोटा बदल झाला. तोवर खेळाडूच्या नावापुढे त्याचा दम टक्क्यांत दिसायचा: ९४, ८७, ७१. तो आकडा काढून तिथे एक छोटं हृदय ठेवलं. हिरवं, पिवळसर, मग नारिंगी, लाल. अनेक खेळणारे वैतागले. मलाही पहिल्यांदा ते अडलं. ७१ म्हटलं की निर्णय सोपा होतो, नारिंगी म्हणजे नक्की किती? पण खऱ्या मॅनेजरला तरी कुठे टक्के दिसतात? त्याला दिसतो चेहरा, आणि विचारलं तर 'मी ठीक आहे' म्हणणारा माणूस. आमच्या टीममध्ये रात्रीच्या ऑन-कॉलची पाळी ठरवताना मी हे वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकलंय. तिथेही कुणाच्या डोक्यावर टक्के लिहिलेले नसतात. पाळी वाटून घ्यायची कारण माणूस दमतो, आणि दमलेला माणूस ते स्वतःहून सांगत नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये एकाने सांगितलं. मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर रॉद्री दोन महिन्यांपूर्वीच युरो कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, आणि त्याच्या फायनलमध्ये मांडीचा स्नायू दुखावून मध्यंतरालाच बाहेर आला होता. पत्रकारांसमोर तो म्हणाला की वर्षाला ४० ते ५० सामने खेळाडू वरच्या दर्जाने खेळू शकतो, त्यापुढे शरीर साथ देत नाही. खेळाडू संपावर जातील का, असं विचारल्यावर, आपण त्याच्या जवळ आलोय, असं त्याचं उत्तर होतं.

त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, सिटी विरुद्ध आर्सेनल सामना होता. पहिल्या अर्ध्या तासातच कॉर्नरच्या वेळच्या झटापटीत रॉद्री कोसळला. गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता, हंगाम जवळपास संपल्यात जमा. मध्यंतराच्या तोंडावर आर्सेनलच्या गॅब्रिएलने कॉर्नरवर हेडर मारून आघाडी घेतली. शेवटच्या क्षणी जॉन स्टोन्सने २-२ केलं, तेही कॉर्नरनंतरच्या गर्दीतून. स्टोन्स बदली खेळाडू होता.

रॉद्रीचा गुडघा दमल्यामुळेच गेला असं कुणी सिद्ध करू शकत नाही. एका धक्क्यातही ते होऊ शकतं. पण कॅलेंडर ठरवताना त्याला किंवा त्याच्या मॅनेजरला कुणी विचारलं नव्हतं, एवढं नक्की. एफएममध्येही मला सगळं ठरवता येतं: अकरा जण, बाक, कॉर्नरला कोण कुठे उभा राहणार. फक्त सामन्यांच्या तारखा बदलता येत नाहीत. त्या दुसरंच कुणीतरी ठरवून ठेवलेल्या असतात. आपण लाल हृदय बघायचं, एकाला बसवायचं, दुसऱ्याला उठवायचं आणि 'कंटिन्यू' दाबायचं.