आमच्या बडोद्याचा क्लिक थ्री

परवा दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा माळा आवरताना आग्फा क्लिक थ्री हाती लागला. कव्हरचं बटण गेलंय, कॅमेरा मात्र शाबूत. आपल्यापैकी कित्येकांच्या मुंजी, बारशी आणि सुरसागरच्या काठावरचे चौकोनी फोटो ह्याच डब्याने काढलेत. १२० नंबरचा रोल, बारा फोटो. ऊन की ढग, एवढंच ठरवायचं. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईस्तोवर रोल फिरवायचा. विसरलात की मावशीच्या तोंडावर काकांची टोपी! आमच्या आजीचा एकुलता एक धड फोटो ह्याच्यातलाच.

नाव जर्मन, पण हा कॅमेरा बनायचा आपल्या बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. लहानपणी आम्हाला आग्फा म्हणजे बडोद्याचीच कंपनी वाटायची.

मूळ कंपनी रंगांची. १८६७ साली बर्लिनजवळ रुमेल्सबुर्गला दोघांनी रंगाचा कारखाना काढला. त्यातले एक पाउल मेंडेल्सोन बार्टोल्डी, म्हणजे प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन यांचे चिरंजीव. कंपनीच्या लांबलचक जर्मन नावाची आद्याक्षरं घेऊन 'आग्फा' झालं. कॅमेरे आले बरेच नंतर, १९२५ च्या सुमारास, म्युनिकचा रीट्शेल कारखाना ताब्यात आल्यावर.

धंद्याची अक्कल बघा. १९३२ मध्ये त्यांनी चार मार्कांत बॉक्स कॅमेरा दिला, पण अट अशी की एक-एक मार्काची चार नाणी आणायची आणि त्यांवरच्या टांकसाळींची अक्षरं ए, जी, एफ, ए अशी जुळली पाहिजेत. लोक घरोघरी गल्ले उपसत बसले असणार!

पण ह्याच नावाची दुसरी बाजू वाचली आणि दोन दिवस कॅमेरा हातात घ्यावासा वाटेना. १९२५ पासून आग्फा आय. जी. फार्बेन ह्या उद्योगसमूहात होती. महायुद्धात म्युनिकच्या त्या कॅमेरा कारखान्यात डाखाऊ छळछावणीतल्या सुमारे पाचशे बायकांना जुंपलं होतं. त्यांत डच आणि पोलिश बायका होत्या. बॉम्बचे फ्यूज जोडायचं काम. जानेवारी १९४५ मध्ये सूप आणखी पातळ झालं, तेव्हा ह्या बायकांनी चक्क काम थांबवलं. छळछावणीत संप! पुढे काय होईल ह्याची त्यांना पुरती कल्पना असणार, तरी हात खाली ठेवले.

आमच्या क्लिक थ्रीचा त्यात काही दोष नाही, तो नंतरचा आणि इथला. तरी भाचा म्हणाला, "मामा, विकून टाक," तेव्हा मी नाही म्हटलं. शोकेसमध्ये आजीच्या फोटोशेजारी ठेवलाय, आणि विचारणाऱ्याला दोन्ही गोष्टी सांगतो.

बडोद्याच्या त्या कारखान्यात तुमच्या घरचं कोणी होतं का? असेल तर त्यांना आत्ताच विचारून घ्या आणि इथे लिहा. भिंग कोण बसवायचं, पगार किती होता, डब्यात काय न्यायचे, सगळं चालेल.